शेंद्र्याच्या वाटेवर: गाडी जर्मन की अमेरिकन?

मैत्रिणींनो, लग्नाच्या बस्त्यासाठी नाहीतर मुलांच्या कॉलेजसाठी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला आपण कितीदा जातो! लोखंडाच्या रोलिंग मिल मागे पडतात, बदनापूरच्या मोसंबीच्या बागा जातात, करमाड येतं, आणि मग शेंद्रा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला. स्कोडा मूळची चेक, पण मालकी जर्मनीच्या फोक्सवॅगनची. तिथेच ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी होते. ऑक्टोबर २०१० मध्ये तर या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन जवळजवळ दीडशे मर्सिडीज एका दमात घेतल्या!

अमेरिकन गाडी मात्र आपल्याकडे कितीतरी आधी आली. आपली जीप हो! मूळची अमेरिकन लष्कराची, स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. इंजिन साधं, हात घालायला जागा भरपूर, त्यामुळे लिंबाखालचा मिस्त्रीही ती दुरुस्त करी.

हाच फरक शर्यतीच्या तोडीच्या गाड्यांतही दिसतो. २००८ च्या सुमाराची बीएमडब्ल्यू एम ३ घ्या. इंजिन चार लिटरचं, ताकद ४२० अश्वशक्ती, पण ती मिळवायला इंजिन मिनिटाला ८३०० फेरे फिरावं लागतं. त्याच वेळची अमेरिकन कॉर्व्हेट ६.२ लिटरची, ४३० अश्वशक्ती ५९०० फेऱ्यांतच. जर्मन इंजिनात व्हॉल्व्ह हलवायला वर चार कॅमशाफ्ट, अमेरिकनमध्ये पोटात एकच. आपल्या भाषेत सांगायचं तर एक म्हणजे छोट्या पातेल्यात मोठ्या आचेवर केलेला पाक, जरा नजर हटली की करपला. दुसरा पंगतीचा हंडा, सावकाश रटरटणारा.

त्या एम ३ च्या बेअरिंग लवकर झिजतात अशी ओरड जगभर झाली. अमेरिकन तरी सगळं निर्धोक कुठे? कॉर्व्हेटच्याच सात लिटरच्या इंजिनात व्हॉल्व्हच्या गाइडची रड होतीच. तरी ऑइलात चालढकल झाली तर साधं इंजिन जास्त सोसतं, हे मला पटतं.

मग अमेरिकनच घ्यावी? थांबा! शेव्हरलेने भारतातली विक्री २०१७ मध्ये बंद केली. फोर्डची पाच लिटरची मस्टँग २०१६ मध्ये इथे आली, तीही परदेशातून तयार होऊन. आणि २०२१ मध्ये फोर्डने इथलं गाड्यांचं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. इंजिन कितीही सोशिक असो, एक सुटा भाग सातासमुद्रापलीकडून यायचा म्हणजे गाडी तोवर अंगणात ताडपत्रीखाली. इथे जर्मन गाडीच सोयीची, कारण तिचा जाणकार निदान तासाभराच्या वाटेवर भेटतो.

पण घरात कुणी ‘जुनी जर्मन स्वस्तात मिळतेय’ म्हणून आलं, की तुम्ही जरा पुढे व्हा, बरं का. गाडीची किंमत दहा वर्षांत उतरते, तिच्या सुट्या भागांची नाही. वॉरंटी संपली का? सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत का? कूलंट गळतंय का? मराठवाड्यातल्या मे महिन्यात प्लास्टिकच्या नळ्या आणि रबरी सील आधी हार मानतात. बाहेरच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. जमिनीचे पैसे आलेले असले तर वर्षाची सर्व्हिस, विमा आणि टायर यांची रक्कम आधी बाजूला काढायला लावा, उरलेल्यात गाडी बसते का ते पाहा.

आणि हौस म्हणाल, तर आपल्या दारावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर वेगाची मर्यादा १२० च आहे. तेवढ्यासाठी ४२० घोडे कशाला पोसायचे, हे यजमानांना चहाच्या वेळी विचारून बघा. बाकी टायरमधली हवा मात्र निघण्यापूर्वी, टायर गार असतानाच तपासून घ्या.