चरबीचा सांगावा

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून महाडला तपासायला येणाऱ्या गरोदर बाया बहुधा किडकिडीत असतात. अंगावर चरबीच नाही, तिथे चरबीच्या संप्रेरकांचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण या संप्रेरकांचा प्रश्न जितका लठ्ठ आईचा, तितकाच अशा बाईच्या बाळाचाही आहे.

चरबी म्हणजे वेळेला उपयोगी पडणारी कणगी, एवढंच बरीच वर्षं मानलं जाई. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे संप्रेरक शोधलं आणि कळलं, की कणगीत किती शिल्लक आहे याचा सांगावा चरबी स्वतःच मेंदूला धाडते. गरोदरपणात हे लेप्टिन दुपटीच्या घरात जातं, कारण वारही ते तयार करते. वार पडली की ते झपाट्याने उतरतं. खरं तर ते भूक मारणारं. तरी पोटुशीला भूक लागतेच, कारण त्या काळात मेंदू त्याला फारशी दाद देत नाही. चरबीचंच दुसरं संप्रेरक अडिपोनेक्टिन, त्याचं गणित उलटं. चरबी वाढली की ते घटतं. वारेतून बाळाकडे जाणाऱ्या पोषणाला त्याचा लगाम असतो, असं प्रयोगांतून दिसतं. लठ्ठ आईत हा लगाम सैल पडतो आणि बाळ गरजेपेक्षा मोठं होतं.

आमच्याकडे मात्र बाळ लहान असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. अंगावर चरबी किती, हे पाहायला नवजात बाळाच्या खवाट्याखालची कातडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजतात. दंड बारीक, पोट लहान, पण ही घडी मात्र त्या मानाने भरलेली निघाली. पुढे पुणे आणि लंडनच्या बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं, तर हलकी असूनही पुण्याच्या बाळांत लेप्टिन कमी नव्हतं. इन्सुलिन जास्त आणि अडिपोनेक्टिन कमी होतं. म्हणजे तुटवड्यात गर्भाने स्नायूंना कात्री लावली आणि चरबी राखली. मोठेपणीच्या मधुमेहाची पूर्वतयारी पाळण्याआधीच झालेली.

म्हणून अंगणवाडीच्या काट्यावर अडीच किलो भरले की सगळं आलबेल, असं मी मानत नाही. काटा वजन सांगतो, ते कशाचं आहे हे सांगत नाही. आणि बाळ बारीक दिसलं की आजी म्हणते, "डॉक्टर, पावडरीचा डबा लिहून द्या, पोर गुटगुटीत व्हायला हवं." मी सांगतो, "आजी, सहा महिने अंगावरचंच पाजू द्या. घाईने चढलेलं वजन आधी चरबीच वाढवतं."

खरं काम बाळंतपणाच्या आधीचं आहे. त्याच सहा खेड्यांत पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त खाणाऱ्या आयांची बाळं थोराड निघाली. कष्टाच्या कामाने पिचलेल्यांची हलकी. आपल्याकडे टाकळा, कुर्डू अशी पालेभाजी पावसात बांधावर फुकट उगवते, पण नेमकी तेव्हाच भाताची लावणी असते आणि पोटुशी बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. घरचं दूध डेअरीला जातं. एक पेला तिच्यासाठी मागे ठेवा आणि लावणीतून तिला मोकळी करा, हे मी तिला नव्हे, तिच्या सासूला आणि नवऱ्याला सांगतो. ठरवणारे तेच असतात.