चिपवरचा शिक्का आणि रायपूरचा उन्हाळा

एप्रिल २०२५ मध्ये छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते नवा रायपूर येथे एका सेमीकंडक्टर प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. चेन्नईस्थित पॉलिमेटेक कंपनीचा हा प्रकल्प गॅलियम नायट्राइडवर आधारित चिप घडविण्यासाठी आहे. गुंतवणूक १,१४३ कोटी रुपयांची सांगण्यात आली आणि बातम्यांत हाच आकडा ठळक झाला. चिपच्या कारखान्याचे भवितव्य मात्र आणखी एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. एकाच प्रक्रियेतून निघालेल्या चिपपैकी किती चिप कोणत्या प्रतीच्या निघाल्या? हा प्रश्न अनेक वर्षे आपापल्या परीने सोडवीत आलेला एक वर्ग आहे, तो म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचे हौशी. प्रोसेसर नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने चालविणे, हा त्यांचा छंद.

प्रतवारी ही कल्पना धानाच्या प्रदेशाला नवी नाही. सरकारी खरेदीत धानाच्या 'कॉमन' आणि 'ए ग्रेड' अशा दोन प्रती असतात. ओलावा १७ टक्क्यांहून अधिक नसावा, अशी मर्यादाही असते. एकाच शेतातले, एकाच पावसावर वाढलेले दाणेही सारखे भरत नाहीत. चिपचेही तसेच आहे. ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला सुरू होतो ते अंशतः त्याच्या वाहकमार्गात मिसळलेल्या परकीय अणूंवर अवलंबून असते. हे अणू सरासरी १०० असतील, तर निव्वळ योगायोगाने त्यांच्या संख्येत १० चा फरक सहज पडतो, कारण असा फरक सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. त्यात थरांच्या जाडीतले आणि रेषांच्या रुंदीतले सूक्ष्म फरक मिसळले की एकाच वेफरवरच्या दोन चिप जुळ्या राहत नाहीत.

म्हणून कंपन्या प्रत्येक चिप तपासून तिच्यावर गतीचा शिक्का मारतात. हा शिक्का म्हणजे चिपची कमाल क्षमता नव्हे. ठरावीक तापमानात, ठरावीक व्होल्टेजवर, अनेक वर्षे बिनचूक चालण्याची ती हमी असते. त्यात बाजाराचाही हात असतो. स्वस्त प्रोसेसरला मागणी अधिक असेल, तर चांगल्या चिपवरही खालच्या प्रतीचा शिक्का बसतो. १९९८ मधील इंटेलचा सेलेरॉन ३००ए याच कारणाने गाजला. त्याचा गुणक ४.५ होता. मदरबोर्डच्या बसची गती ६६ मेगाहर्ट्‌झवरून १०० केली की ३०० मेगाहर्ट्‌झचा हा प्रोसेसर ४५० वर धावे, आणि पुष्कळ नग तसे धावलेही.

कोणता नग धावेल हे आधी कसे ओळखावे? येथून बॅच क्रमांकांचे वाचन सुरू झाले. २००६ च्या सुमाराच्या इंटेल प्रोसेसरवर 'एल६३५' अशी सुरुवात असली, तर 'एल' म्हणजे मलेशिया, '६' म्हणजे २००६ आणि '३५' म्हणजे त्या वर्षाचा पस्तिसावा आठवडा. हौशी मंडळी दुकानात डबी हातात घेऊन हे आकडे पाहत आणि विशिष्ट आठवड्यांचा माल शोधत. त्यात तथ्य होते. एका आठवड्यातल्या चिप बहुधा जवळजवळच्या वेफरवरून येतात आणि उत्पादनप्रक्रिया महिनोन्‌महिने सुधारत जाते. पण मलेशियात चिप आवरणात बसविली जाई आणि तपासली जाई. वेफर घडे तो कारखाना वेगळा असे. क्रमांकावर पत्ता असे तो बारशाचा, जन्माचा नव्हे.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची. एखाद्या बॅचच्या १० चिप तपासल्या आणि ७ चिपनी अपेक्षित गती गाठली, तर '७० टक्के यश' असे म्हणण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ९५ टक्के विश्वासपातळीवर त्या बॅचमधील खरा वाटा सुमारे ३५ ते ९३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. शिवाय यशस्वी नगाची वार्ता दूरवर जाते, तर फसलेला नग गुपचूप खणात जाऊन पडतो. मग बॅचची कीर्ती तिच्या वास्तवापेक्षा मोठी होते.

तिसरा घटक रायपूरकरांच्या रोजच्या अनुभवातला आहे: उन्हाळा. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान आणि चिपच्या स्वतःच्या उष्णतेने झालेली वाढ यांची बेरीज. चिपची मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत ७५ अंश वाढीला वाव असतो. मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या खोलीत तो ५८ उरतो. म्हणजे तोच पंखा लावून सुमारे २३ टक्के कमी शक्ती खर्चता येते. उलट, गती २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढविले की चिपच्या चालू कामाचा शक्तिव्यय ४५ टक्क्यांनी वाढतो, कारण तो गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. अनेकदा जलद ट्रान्झिस्टरच गळतीही अधिक करतात. जानेवारीत अव्वल ठरलेली चिप मे महिन्यात अडखळली, तर दोष बॅचचाच असेल असे नाही.

व्होल्टेजची किंमत उशिराही वसूल होते. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होऊ लागले. प्रमाणाबाहेर व्होल्टेज आणि त्यातून झालेली झीज हे कारण पुढे आले आणि कंपनीला हमीची मुदत २ वर्षांनी वाढवावी लागली. पहिल्या दिवशीची चाचणी उत्तीर्ण होणे आणि पाच वर्षे टिकणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

गॅलियम नायट्राइडच्या बाबतीत प्रतवारी अधिकच निकडीची ठरते. हा स्फटिक बहुधा नीलम किंवा सिलिकॉनसारख्या परक्या पायावर वाढवितात. अणूंची अंतरे जुळत नसल्याने त्यात दर चौरस सेंटिमीटरला कोट्यवधी रचनादोष राहतात. याच कुळातील पदार्थांचे एलईडी दिवेही रंग, तेज आणि व्होल्टेज पाहून वेगवेगळ्या गटांत विभागावे लागतात. यंत्रसामग्री विकत घेता येते. मोजमापांतून फरकाचे कारण ओळखणारी माणसे मात्र घडवावी लागतात.

ती घडण वसतिगृहातल्या जुन्या संगणकावरही सुरू होऊ शकते. बॅच क्रमांक, खोलीचे तापमान, व्होल्टेज, स्थिर राहिलेली गती आणि चाचणीचे तास यांची नोंद एका वहीत ठेवावी. फसलेल्या नगांची नोंद तर आवर्जून ठेवावी. अशा २० चिपची वही जमली, की बॅचची ख्याती आणि बॅचचे वास्तव यांतले अंतर कुणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.