आबा तापताहेत

आमच्या तालमीच्या खोलीत आबांना कोणी एकदम उठवत नाही. तीन पिनांचा प्लग घट्ट आहे ना, मागची स्पीकरची वायर बसली आहे ना, ते हात लावून बघायचं. मग पॉवरचा खटका, मग मिनिटभर गप्प. मागून डोकावलं तर काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी होताना दिसतात, धूळ भाजल्याचा वास येतो. त्यानंतर स्टँडबायचा खटका. एक बारीक हुंकार. आबा उठले.

आबा म्हणजे गिटारचा पन्नास वॉटचा अँप. जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॉल्व्ह, दोन स्पीकर, सगळं एकाच पेटीत. इथल्याच एका कारागिराने जुळवलेले, पण घराणं लंडनचं. १९६२ मध्ये हॅनवेलला जिम मार्शल यांच्या दुकानात अमेरिकन फेंडर बासमन अँपच्या आराखड्यावरून पहिला मार्शल तयार झाला. पुढे पीट टाउनशेंडसारख्या गिटारवादकांना आणखी आवाज हवा झाला, म्हणून शंभर वॉटवाले आले. आमच्यातल्या एकाला अजून ती हौस आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबल चढतो, हे त्याला सांगून मी दमलो.

व्हॉल्यूमच्या एक आणि दोनच्या मध्येच आबांचा बहुतेक आवाज कोंबलेला आहे. पाचच्या पुढे ते मोठे होत नाहीत, घसा खरवडतात. आणि जग त्या खरवडीवरच जीव टाकतं. ती हलक्या आवाजात हवी म्हणून पायाशी पेडल. ओव्हरड्राइव्ह दाबला की आबा न ओरडता चिडल्याचं सोंग आणतात. बूस्टच्या पेडलचं मात्र तारतम्य हवं. शांत असताना दाबला तर आबा अंगावर येतात, आधीच तापलेले असताना दाबला तर नुसता सूर दाटतो.

गिटारच्या आणि स्पीकरच्या वायरची टोकं सारखीच, पाव इंची. एकदा घाईत मी आबांच्या स्पीकरच्या भोकातून निघालेली वायर थेट डीलेच्या पेडलमध्ये खुपसली. नऊ व्होल्टवर जगणारं ते पेडल तिथेच गेलं. आबांचंही धड राहिलं नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला स्पीकर नसला तरी सहसा खपतं. व्हॉल्व्हवाल्याच्या ताकदीला बाहेर वाट नसली की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज चढतं आणि आतल्या आत ठिणग्या उडतात. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घ्यावा लागला. गुंडाळणाऱ्याने झाकण काढलं, प्लग केव्हाच काढलेला होता, तरी एक हात खिशात घातला आणि रेझिस्टर लावून आधी कपॅसिटर रिकामे केले. मीटरने खात्री केली, मगच दुसरा हात बाहेर. चारशेच्या वर व्होल्ट तिथे मुक्कामाला असतात म्हणे. मी दोन पावलं मागे सरकलो.

खरा घोळ आबांच्या उंचीचा होता. जमिनीवर बसून ते वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर गरजायचे. त्याला वाटे, ऐकूच येत नाही. तो वाढवायचा आणि समोरचा ड्रमवाला बहिरा व्हायचा. शंभर डेसिबलला कान पंधरा मिनिटांपुरतेच सुरक्षित, आमची तालीम दोन तासांची. टाउनशेंडनी स्वतःच्या कानांचं काय झालं ते जगाला सांगितलंच आहे. शेवटी पेटीच्या पुढच्या कडेखाली वीट सरकवली, तोंड वर केलं. आता सूर थेट कानाशी येतो आणि व्हॉल्यूम दोनवर भागतं.

तेव्हापासून आबा विटेवर, आणि समोर आम्ही, कानात बोळे घालून.