पुढची सीट

ह्युस्टनला पहिल्यांदा येणाऱ्या आईवडिलांना आठवडाभरातच कळतं, की इथे पायांचा उपयोग फक्त घरात. आम्ही शुगरलँडला राहतो. दूध आणायचं तर गाडी, देवळात जायचं तर गाडी आणि पायी फिरायला बागेत जायचं, तर बागेपर्यंतही गाडीच. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सिडकोत एन-७ला आमच्या घरातून चपला अडकवून निघालं की दहा मिनिटांत भाजी, दळण आणि दोन ओळखीची माणसं असं सगळं उरकायचं. इथे गाडी नसली की माणूस घरात अडकतो.

म्हणून २०१६च्या फेब्रुवारीत आम्ही दुसरी गाडी घेतली. आई-बाबा एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी यायचे होते, आणि दिवसभर पहिली गाडी नवऱ्याकडे. बजेट बेताचं, त्यामुळे वापरलेली घेतली. डीलर मोठा होता. दाराशी कॉफी, लहान मुलांना फुगे, 'दीडशे ठिकाणी तपासलेली गाडी' असा फलक. काचेवर मात्र सरकारी नियमाने लावावा लागतो तो कागद होता आणि त्यावर 'ऍज इज'पुढे खूण: आहे तशी, वॉरंटीविना. दोन्ही वाचून मी सही केली. दीडशे ठिकाणी तपासलेल्या गाडीची एकाही ठिकाणची हमी का नाही, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

बाबा वाळूजच्या माणसांपैकी. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले, त्यांतल्याच एकात त्यांनी सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. दुचाकीच्या ब्रेकचे भाग. सकाळच्या शिफ्टला कंपनीची बस, खिशाला गेज, आणि घरी आल्यावर रिजेक्शनच्या गोष्टी. पास झालेल्या मालाबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. ज्या लॉटला त्यांनी लाल टॅग लावला, त्या लॉटच्या कहाण्या मात्र आम्ही भुताच्या गोष्टींसारख्या ऐकल्या.

आणि बाबांना गाडीत बसायचं तर पुढेच. जीप असो, टॅक्सी असो, जावयाची कार असो; ड्रायव्हरच्या शेजारची जागा त्यांची. तिथून ते रस्ता 'तपासतात'.

ते यायच्या थोडं आधी, ३१ मार्चला, आमच्याच फोर्ट बेंड काउंटीत एक अपघात झाला. पुढच्या गाडीला मागून धडक, रोज होते तशी. चालवणारी मुलगी १७ वर्षांची, पट्टा लावलेला. एअरबॅग उघडली आणि तिच्यातून उडालेला धातूचा तुकडा मानेत घुसला. मुलगी गेली. गाडी जुनी, एअरबॅग टाकाटा या जपानी कंपनीची. एअरबॅग बदलून घ्या अशी पत्रं अनेकदा पाठवली, असं गाडीच्या कंपनीचं म्हणणं. आम्हाला मिळाली नाहीत, असं घरच्यांचं.

टाकाटाचं प्रकरण तोवर मी 'कुठेतरी काहीतरी' म्हणून वाचत होते. त्या रात्री नीट वाचलं. धडकेच्या क्षणी एअरबॅग फुगवायला धातूच्या डबीत एक रसायन पेटवतात. या कंपनीने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं, खाणीत सुरुंगाला वापरतात ते. वर्षानुवर्षं दमट हवा आणि रोजचा तापण्या-निवण्याचा खेळ चालला की त्याच्या वड्या भुसभुशीत होतात. मग पेटताना नको तितक्या वेगाने पेटतात आणि पिशवी फुगण्याऐवजी डबीच फुटते. म्हणजे जीव वाचवायला बसवलेली वस्तू गावठी बॉम्बसारखी. दमट आणि उष्ण प्रदेशात धोका सर्वांत जास्त, म्हणून रिकॉलच्या, म्हणजे परत बोलवून बदलण्याच्या, यादीत टेक्साससारखी आखाती किनाऱ्याची राज्यं सर्वांत वर. ह्युस्टनचा ऑगस्ट ज्याने काढलाय त्याला हे वेगळं समजवायला नको.

अमेरिकेत प्रत्येक गाडीला १७ अक्षरांचा नंबर असतो. आपल्याकडे त्याला चेसिस नंबर म्हणतात, इथे विन. ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेखाली वाकून पाहिलं की दिसतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. वाहन सुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या वेबसाइटवर (इथे त्याला सगळे 'निट्सा' म्हणतात) तो नंबर टाकला, की त्या गाडीवर न झालेली दुरुस्ती कोणती ते समोर येतं. मोबाइलच्या उजेडात वाचून मी नंबर टाकला. उत्तर आलं: एअरबॅग, पुढची, प्रवाशाच्या बाजूची. दुरुस्ती बाकी.

म्हणजे बाबांची सीट.

दुसऱ्या दिवशी डीलरकडे. सर्व्हिस ऍडव्हायझर तरुण, गोड, पहिल्या वाक्यापासून मला नावाने हाक मारणारा. गाडी विकताना हे का सांगितलं नाही, विचारलं. तो म्हणाला, सांगायचं बंधन नाही. मला वाटलं थाप मारतोय, पण खरं होतं. दुरुस्ती बाकी असलेली नवी गाडी विकता येत नाही. मोठ्या भाडे-कंपन्यांनाही त्याच जूनपासून अशी गाडी भाड्याने देण्याची बंदी येणार होती. वापरलेली गाडी मात्र खुशाल विका, केंद्राचा कायदा आड येत नाही. टेक्सासच्या 'लेमन लॉ'चाही (सडकी गाडी म्हणजे इथे लिंबू, आपण दारावर टांगतो तेच) उपयोग नव्हता. तो मुख्यतः नव्या गाड्यांसाठी.

"मग बदलून द्या."

"नक्की! फुकट. फक्त पार्ट बॅकऑर्डरवर आहे."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. तोवर पुढे कुणाला बसवू नका."

"आणि मी? मी तर चालवते."

"तुमच्या बाजूची या रिकॉलमध्ये नाही."

'या' वर त्याने जोर दिला नव्हता, तो मीच ऐकला. मग म्हटलं, पुढे कुणाला बसवू नका हे मला लेखी द्या. तेव्हा पहिल्यांदा त्याचं हसू गेलं. आत जाऊन मॅनेजरला विचारून आला. असं लेखी देण्याची पद्धत नाही म्हणाला, आणि मला पाण्याची बाटली दिली.

तोवर दुसरी गाडी द्या म्हटलं, तर ती कंपनीने मंजूर करायची. कंपनीला फोन केला, तर डीलरने मागणी करायची. तलाठी म्हणतो तहसीलला जा, तहसील म्हणतं तलाठ्याकडून आणा. फरक एवढाच, की इथे होल्डवर पियानो वाजतो आणि दर दोन मिनिटांनी एक बाई सांगते की तुमची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे.

आई-बाबा आले ते थेट मागच्या सीटवर. विमानतळापासूनच बाबांनी पुढचं दार उघडायला हात घातला, मी थांबवलं, आणि कारण सांगितलं नाही. आईला काळजी वाटेल म्हणून. मग मे उजाडला, जून उजाडला. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमाला मी पुढे एकटी आणि दोघं मागे असे उतरलो, तर एका काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, लेकीचं आणि त्यांचं काही बिनसलंय का. त्या रात्री मी बाबांना सगळं सांगितलं.

बाबा चिडतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "लॉट नंबर माहिती आहे कंपनीला?"

"प्रत्येक गाडीचा नंबर माहिती आहे, बाबा."

"मग अर्धी चोरी सापडली की. तू काय करायलीस?"

"फोन."

"फोनवर माल रिजेक्ट होतो का कुठं? टॅग लाव."

मला तोवर एक गोष्ट कळली नव्हती, ती आता सांगते. औरंगाबादला जालना रोडवरच्या शोरूममध्ये भांडणं सोपं असतं, कारण समोरचाही भांडतो. २०१० साली शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली होती. पण साधी हॅचबॅक घेणाऱ्याला काउंटरवर काय मिळतं, ते आम्हाला ठाऊक आहे. माझ्या आतेभावाच्या नव्या गाडीचं ब्रेक पॅडल मधूनच खोल जायचं, तर त्याला ऐकवलं, "ही गाडी अशीच असते साहेब, सवय होईल." यावर आवाज चढवता येतो, चार मित्र नेता येतात, मालक कुणाचा तरी वर्गमित्र निघतो. ह्युस्टनच्या गोड काउंटरवर यांतलं एकही हत्यार चालत नाही. आवाज चढवला तर आपणच असभ्य ठरतो. सभ्यपणा ही फार चिवट भिंत आहे. मी तीन महिने तिच्यावर डोकं आपटत होते आणि वर 'थँक यू' म्हणत होते.

बाबांनी वहीचं पान आखलं. तारीख, किलोमीटर (मैल, मी दुरुस्त केलं), कोण बोललं, काय बोललं. त्यावरून मी इंग्रजीत पत्र लिहिलं. एक प्रत कार कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, पोचपावतीच्या टपालाने. एक डीलरच्या जनरल मॅनेजरला. आणि तीच हकिगत निट्साच्या तक्रार अर्जात, १७ अक्षरांसह. पत्रात एकही विशेषण नव्हतं. बाबांनी ती सगळी खोडली. 'अत्यंत बेजबाबदार' माझं फार आवडतं होतं, तेही गेलं. "टॅगवर शिव्या लिहीत नाहीत," म्हणाले. "माप लिहितात."

नऊ दिवसांनी कंपनीचा फोन आला. भाड्याची गाडी मंजूर, आमची गाडी डीलरच्या आवारात उभी करा. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पार्ट आला. बदलायला सव्वा तास लागला. बाबांनी काढलेली डबी बघायला मागितली. ती परत पाठवावी लागते म्हणून देता येत नाही, पण मेकॅनिकने लांबून दाखवली. तळहाताएवढी, स्टीलची. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि मला मराठीत म्हणाले, "फिनिशिंग चांगलंय."

टाकाटाने पुढच्या फेब्रुवारीत कोर्टात गुन्हा कबूल केला. अहवालांतले आकडे फिरवून गाडी कंपन्यांना फसवल्याचा. जूनमध्ये दिवाळं काढलं. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख अशा डब्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०२४ पर्यंत २८ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. आकडे फिरवले, हे बाबांना मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता. मृत्यूंच्या आकड्यापेक्षा त्यांना ते जास्त लागलं असं मला वाटलं, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आपल्याकडे तेव्हा सक्तीने गाडी परत बोलवायचा कायदाच नव्हता. कंपन्यांची स्वेच्छेची संहिता होती, २०१२पासून. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीने सरकारला तो अधिकार दिला आणि १ एप्रिल २०२१पासून नियम लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली हवी आणि विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येने तक्रारी नोंदल्या जायला हव्यात. म्हणजे प्रत्येक तक्रार मोजली जाते, आणि न केलेली अर्थातच नाही. आतेभावाने ब्रेकची तक्रार कुठेच लेखी केली नव्हती. त्याला मी सांगितलं, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन कर, आणि नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही. तो म्हणाला, "अगं, मी ती गाडी विकून टाकली."

"घेणाऱ्याला ब्रेकचं सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही."

आमची गाडी आम्ही २०२१ साली विकली, एका विद्यार्थ्याला. एअरबॅग बदलल्याचा कागद त्याच्या हातात दिला आणि १७ अक्षरं कुठे पाहायची तेही दाखवलं. त्याने कागद न वाचता चौघडी करून खिशात घातला आणि ब्लूटूथ चालतं का विचारलं.