खटकलं कुठे, ते सांगा

पुनावळ्याच्या अंडरपासपाशी संध्याकाळी गाड्या तुंबतात, तेव्हा माझ्या कानात बहुधा चरणजित सिंग असतात. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक तबकडी केली : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वाद्यं म्हणजे रोलँड कंपनीची यंत्रं. सुरावटीला ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८, खर्जाला टीबी-३०३. त्यांवर ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले जाणकार चकित झाले. १९८७ मध्ये शिकागोच्या 'ॲसिड ट्रॅक्स' या रचनेने गाजवलेला टीबी-३०३चा तो नाद मुंबईत पाच वर्षं आधीच घुमला होता! या यंत्रावर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपल्या कानाला ती मींडच वाटते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मी यातला ललत ऐकवला. काका 'सवाई गंधर्व' चुकवत नाहीत. ''हे कसलं संगीत? नुसतं मशीन!'' एवढं बोलून ते थांबले. मला फार वाईट वाटलं. नापसंतीचं नव्हे, ती दोन शब्दांत उरकल्याचं. एरवी हेच काका एखाद्या गायकाने गंधार कसा लावला यावर तासभर बोलतात. त्यांचा सकाळचा रियाज तर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावरच चालतो. म्हणून मी हट्ट धरला : काका, खटकलं कुठे, ते सांगा.

त्यांनी पुन्हा ऐकलं, या वेळी डोळे मिटून. मग म्हणाले, ''दोन्ही मध्यम ठीक आहेत. पण रागाला बसायला वेळच दिला नाही. आणि हा ठेका समेची वाट बघायला लावत नाही.'' लॅपटॉपवर संगीत रचणारा वरच्या मजल्यावरचा मुलगा तिथेच होता. तो म्हणाला, ''काका, इथे ठेका हाच तानपुरा आहे. तो बदलायचाच नाही. सूर त्याच्यावर फिरतात.'' काकांना पटलं नाही, पण वाद रंगला तो तिथून.

ठेक्याबाबत मला मुलाचं पटतं, रागाबाबत काकांचं. आलापाची जागा या तबकडीत खरंच रिकामी आहे. तरीही ही तबकडी धाडसी आहे, आणि मला प्रिय आहे.

मैफलीतली एकेक जागा हेरून दाद देणारे आपण, यंत्रांवरच्या संगीतापुढे मात्र 'भारी' किंवा 'गोंगाट' म्हणून मोकळे होतो. रचणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. तुमच्या घरात, शेजारी कुणी असं काही रचत असेल, तर ते शेवटपर्यंत ऐका, आणि कान नेमका कुठे टवकारला, कुठे कंटाळला, ते त्याला सांगा.