पाहुणा शनिवारी, मुलं सोमवारी



परिसर अभ्यासात घरांचा विषय निघाला की आपण फळ्यावर कौलारू घर काढतो आणि पुढे जातो. मीही तेच करत होते. यंदा मात्र मुलांना एका खऱ्या घरात नेलं. ते घर माझ्या माहेरचं, रेवदंड्याचं.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं जुनं चौल शहर. 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आलं. तट अजून उभा आहे आणि आत लोक राहतात, नारळ-सुपारीच्या वाड्या करतात. आमचंही घर तटाच्या आतच. जांभ्याच्या भिंती, सागाचे वासे, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. कौलं पत्त्यांसारखी उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. नवी सुपारी लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? काका म्हणाले, "घर पाडू, स्लॅबच्या सहा खोल्या बांधू. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतातच."

मी चिडले. आजीचं घर पाडायचं? काका शांतपणे म्हणाले, "तुझा पगार महिन्याला येतो गो. दरवर्षी घर शाकारायला माणूस कोण आणणार? पैसे तू देशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगते, तुमच्याकडेही नसतं.

मग सुट्टीत आम्ही पणजीला गेलो. फोंतेन्हास भागात जुन्या घरांमध्ये पाहुण्यांची सोय केलेली आहे. रंगीत भिंती, कौलं, लाकडी गच्च्या. जुनं घर न पाडताही कमाई होऊ शकते, हे काकांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. पण मी दुसरंही पाहिलं. काही दारांवर 'इथे फोटो काढू नका' अशा पाट्या होत्या. आपल्याच ओट्यावर बसायची चोरी झालेल्या माणसाने लावलेली ती पाटी, असं मला वाटलं.

परत आल्यावर ठरलं, पडवीच्या तीन खोल्या पाहुण्यांना; माजघर आणि स्वयंपाकघर घरच्यांचं. पहिल्याच वर्षी आम्ही चूक केली. घाईत जांभ्यावर सिमेंटचा गिलावा केला. जांभा सच्छिद्र दगड, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद झाली. एका पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले, पोपडे पडले. तो सगळा खरवडून काढला. मग एका म्हाताऱ्या गवंडीबाबांना शोधून आणलं. त्यांनी चुना भिजत घातला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. वेळ आणि पैसे दोन्ही जास्त गेले. पण ती भिंत पुढच्या पावसात कोरडी राहिली.

तर त्या घरी मी चौथीची मुलं नेली. मुलांनी चुना बघितला, कौलं मोजली, वाशाला हात लावून पाहिला. परत निघताना एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आत यायला पैसे लागतात ना? माझी आई अशाच एका ठिकाणी झाडायला जाते. मला गेटबाहेर थांबायला लागतं."

मी गप्प झाले. गेटबाहेर थांबणारी मुलगी याच गावची, आणि आतला पाहुणा दोन दिवसांचा. घर जपलं, पण गावच्या मुलाला ते परकं झालं, तर नेमकं काय जपलं?

काकूने तिला जवळ घेतलं. "अगो, पाहुणा शनिवारी येतो. तू सोमवारी ये." तेव्हापासून सोमवारी दुपारी ओटी मुलांची. कुणी अभ्यास करतं, कुणी नुसतं सागरगोटे खेळतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मागचा हिस्सा चुलतभावाचा; त्याला अजून स्लॅबच हवाय. पावसाळ्यात पाहुणे नसतात तेव्हा काका वही उघडून सुस्कारे टाकतात. शाकारणीचा खर्च काही टळत नाही. पण घर उभं आहे आणि त्यात माणसं राहतात.

शिक्षक मित्रहो, एक उपक्रम करून बघा. मुलांना गावातलं सर्वांत जुनं घर शोधायला सांगा. तीन प्रश्न द्या: हे कशाचं बांधलंय? याची दुरुस्ती कोण करतं? आत कोणाला जाता येतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलं हसत हसत आणतील. तिसऱ्याचं उत्तर आलं की वर्गात थोडं थांबा. आणि पालकहो, तुमच्या घराला जुनी ओटी असेल तर आठवड्यातली एक दुपार मुलांसाठी उघडी ठेवा.