तुटलेला तुकडा गेला कुठे?

अस्थिमज्जेचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला, की पेशी ३७ अंशांवर वाढवायच्या, कोल्चिसीन घालून विभाजन मध्येच थोपवायचं, क्षाराच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या आणि स्लाइडवर थेंब टाकायचा. त्यानंतर ट्रिप्सिन, मग जीम्सा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पट्ट्यापट्ट्यांची दिसू लागतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, म्हणजे सीएमएलचा संशय असेल, तर नजर आधी २२ क्रमांकाच्या जोडीवर जाते. त्यातलं एक आखूड असतं. लगेच ९ क्रमांकाची जोडी पाहायची. तिथे एकाचं टोक किंचित लांबलेलं असतं. हे दुसरं पाहणं आम्हाला जॅनेट राउली यांच्या १९७३च्या शोधनिबंधाने शिकवलं.

आखूड गुणसूत्र त्याआधीच, १९६० साली, फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सापडलं होतं. तुकडा तुटून नाहीसा झाला असावा, असंच तेव्हा सगळे धरून चालले. त्यांचाही इलाज नव्हता. सारख्या आकाराची गुणसूत्रं एकमेकांपासून ओळखताच येत नव्हती. १९७०च्या सुमारास स्वीडनमध्ये कास्परसन यांच्या गटाने क्विनाक्रीन वापरून गुणसूत्रांवर चमकते पट्टे उमटवले आणि प्रत्येक गुणसूत्राला स्वतःची ओळख मिळाली.

राउली शिकागोच्या. त्यांच्या वेळी तिथल्या वैद्यकीय वर्गात ६५ पैकी जेमतेम ३ जागा मुलींना मिळत. चार मुलगे वाढवताना बरीच वर्षं त्यांनी अर्धवेळच काम केलं. पट्ट्यांचं तंत्र त्या ऑक्सफर्डला शिकल्या. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या आणि जवळपास शिंकायचं नाही, अशी मुलांना ताकीद असायची. अशा मांडणीतच त्यांच्या लक्षात आलं, की २२ वरून जेवढं कमी झालंय, साधारण तेवढंच ९ वर वाढलंय. तुकडा हरवला नव्हता, जागा बदलून बसला होता. ‘नेचर’मधला तो निबंध जेमतेम चार पानांचा आहे.

तो छापून आला, म्हणून लगेच कुणी डोक्यावर घेतला नाही. गुणसूत्रांची मोडतोड हा कर्करोगाचा परिणाम, कारण नव्हे, हे मत पक्कं होतं. पण राउलींनी दुसऱ्या एका ल्युकेमियात ८ आणि २१ यांची अदलाबदल आधीच पाहिली होती आणि १९७७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर तीव्र प्रोमायलोसिटिक ल्युकेमियात १५ आणि १७ यांची दाखवली. रोग वेगळा, तर जोडीही वेगळी. योगायोगाने झालेली मोडतोड प्रत्येक रुग्णात नेमकी त्याच जागी कशी होईल? त्यांचं खरं योगदान माझ्या मते या प्रश्नात आहे.

पुढचं काम इतरांनी केलं. १९८२ ते ८४ या काळात ९ वरचं एबीएल हे जनुक २२ वरच्या बीसीआरला जाऊन चिकटतं, हे कळलं. या जोडजनुकाचं प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम देतच राहतं. त्याला रोखणाऱ्या इमॅटिनिब या गोळीच्या चाचणीचे निष्कर्ष ब्रायन ड्रुकर यांच्या गटाने २००१ मध्ये दिले. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचं रक्तचित्र सामान्य झालं. २०१३च्या सुमारास भारतात मूळ गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, तर आपल्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ गोळीला पेटंट नाकारलं आणि हा स्वस्त मार्ग खुला राहिला.

राउलींच्या निबंधाची किंमत पहिल्या पाच वर्षांतल्या उद्धरणांवरून ठरवली असती, तर हाती काय लागलं असतं? आजही तरुण संशोधकांचे प्रस्ताव ‘हे नुसतं वर्णन आहे, गृहीतक कुठे आहे?’ असा शेरा मारून परत पाठवले जातात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. राउलींनी आधी नीट पाहिलं होतं. गृहीतक त्या पाहण्यातून आलं.

१५-१७च्या त्या प्रोमायलोसिटिक ल्युकेमियात रुग्ण अचानक रक्तस्रावाने दगावू शकतो. तिथेही उपाय निघाला. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाने २४ रुग्णांचा रोग ओसरल्याचं प्रसिद्ध केलं. आता नुसत्या संशयावरही डॉक्टर ते औषध सुरू करतात आणि खात्रीसाठी आमच्याकडे डोळे लावून बसतात. ही अदलाबदल दिसली, की अहवाल टाइप व्हायची वाट न पाहता आम्ही आधी वॉर्डात फोन लावतो.